नऊ नळ्या आणि गवळणीचा रतीब

मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत एखादी गोष्ट खरी ठरायला पुरावा लागत नसे, एकमत पुरे. निवृत्त हेडमास्तर, निवृत्त तहसीलदार, निवृत्त वकील. (वकीलसुद्धा निवृत्त होतात हे मला तिथेच कळलं.) या पोक्त मंडळींच्या माना एकदा हलल्या की विषय संपला. आमच्या दूधवालीला दोषी ठरवायला त्यांना तीन दिवस लागले. ती दोषी नाही हे दाखवायला मला पाच आठवडे लागले, आणि त्यातले पहिले काही दिवस मी त्यांच्याच बाजूला होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी फुशारकी वाचताना कुणाचा गैरसमज नको.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी धारवाडला विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होते. माझा विषय म्हशींच्या कासेला येणारी सूज. ती आणणाऱ्या जंतूंत एक नाव नेहमी येतं, स्टॅफिलोकोकस ऑरियस. प्लेटवर वाढवला की सोनेरी ठिपके उठतात, दिसायला देखणा. पण या एकाच नावाखाली अनेक घराणी असतात. वरून सगळी सारखी, आतला डीएनए वेगळा. कोणत्या गोठ्यात कोणतं घराणं नांदतंय हे पीसीआर यंत्राच्या मदतीने ओळखायचं, एवढंच माझं काम. घरी हे समजावण्याच्या भानगडीत मी पडत नसे. कुणी विचारलं तर आई सांगायची, म्हशींचं काहीतरी शिकते, आणि विचारणारे माझ्या लग्नाची काळजी करत पुढे जायचे.

त्या वैशाखात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साठीशांत होती. अण्णा निवृत्त हेडमास्तर. गल्लीच्या माना हलायच्या त्यात पहिली त्यांची. घरात मात्र सत्ता अक्कांची. अक्का अण्णांच्या थोरल्या बहीण, ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि तेव्हापासून स्वयंपाकघराचा ताबा कधीही न सोडलेल्या. त्यांचं सोवळं गल्लीभर नावाजलेलं होतं. आंघोळ करून, वेगळं वाळत घातलेलं लुगडं नेसून त्या चुलीशी गेल्या की त्यांना शिवायची कुणाची टाप नव्हती. ज्या गावाला सारं जग पेढ्यावरून ओळखतं त्या गावात राहून आमच्या नैवेद्याला विकतचा पेढा चालत नसे. पेढे घरीच, सोवळ्यात.

त्यासाठी खवा यायचा गवळणीकडून. ती वीस वर्षं आमच्याकडे दूध घालत होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. धारवाडचे गवळी घरात मराठीच बोलतात, त्यामुळे गल्लीतल्या इतरांशी तिचं कन्नड आणि आमच्याशी मराठी चालायचं. दुधाला विटाळ नाही असं शास्त्र, म्हणून तिचा खवा आम्हाला चालायचा. तिचा हात चालायचा नाही. ती खवा वरून परातीत सोडायची आणि मागे सरायची. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

शांतीच्या आदल्या दिवशी दुपारी अक्कांनी खवा भाजला, निववला, आणि साखर घालून हातांनी चांगला तासभर मळला. आईने पेढे वळले. मी ओवळी म्हणून मला दाराबाहेर बसवून वेलदोडे सोलायला दिले होते. रात्रभर पेढे देवघरात, परातीत, फडक्याखाली राहिले. उकाडा असा की देवापुढचं तूपही थिजेना. दुसऱ्या दिवशी एक वाजता सगळ्या गल्लीची पंगत बसली, आणि चारच्या सुमारास पहिल्या घरातून उलटीचा आवाज आला. सहापर्यंत गल्लीत एकही घर सुटलं नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरांना तर दोन दिवस सलाइन लावावं लागलं. कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण अण्णांच्या साठीची अशी आठवण राहावी हे त्यांना फार लागलं.

मग एकमत झालं. सगळं घरात, सोवळ्यात शिजलेलं. बाहेरून आलं काय, तर खवा. अण्णांनी मला बोलावून सांगितलं, एवढी वर्षं जंतू शिकतेस, मग बघ. मीही अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. परातीत उरलेले दोन पेढे घेतले, गवळणीच्या गोठ्यावर गेले, तिच्या हाताला आणि नाकात कापसाच्या काड्या फिरवल्या. तिने हात पुढे केला, मानही वर केली, एका शब्दाने विचारलं नाही. दोन दिवसांनी प्लेटा उघडल्या. पेढ्यात सोनेरी ठिपके, तिच्या नाकात सोनेरी ठिपके, हातावरही. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं की तोच जंतू आहे. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा रतीब सगळ्या घरांतून बंद.

म्हशीला असलं काही कळत नाही, ती दूध देतच राहते. चौथ्या दिवशी सकाळी गवळीण भरलेली कॅन घेऊन आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. मी बाहेर गेले तेव्हा ती चढ्या आवाजात बोलली नाही, आणि मला तेच जड गेलं.

"ताई, तुमी कापूस लावला तवा म्या हात पुढं केला. म्हनलं, लेक शिकती हाय. आता दूध कुटं घालू ते बी शिकवा."

त्या दिवशी लॅबमध्ये माझं लक्ष लागेना. शेवटी सरांना सगळं सांगितलं. आमचे सर कन्नड बोलणारे, तिरसट आणि कामात सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "एष्टु मूगु नोडिदि?" किती नाकं तपासलीस. मी म्हटलं, एक. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सबंध लॅब ऐकत असताना त्यांनी मला झाडलं. हा जंतू धडधाकट माणसांच्या नाकातही मुक्काम ठोकून असतो हे पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक असतं. पेढ्याला शिवलेले बाकीचे हात कुठे आहेत? तिचाच हात का तपासलास? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे राजे गोष्टीत असतात असं मी समजत होते. इथे मीच निघाले.

मी संतापले होते, पण आता स्वतःवर. सरांना म्हटलं, मला हे पीसीआरवर लावून बघायचंय. संशोधनासाठी आणलेली रसायनं गल्लीतल्या उलट्यांवर उधळायची नाहीत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मग माझं प्रबंधाचं काम महिनाभर थांबवते, पण हे केल्याशिवाय म्हशींना हात लावणार नाही. शेवटी त्यांनी एका अटीवर परवानगी दिली. नळ्यांवर नावं घालायची नाहीत. आकडे ते घालतील, कोणता आकडा कुणाचा ही यादी त्यांच्या कपाटात राहील, आणि निकाल वाचून होईपर्यंत मी मागायची नाही. "तुला कुणाला तरी सोडवायचंय," ते म्हणाले, "म्हणून तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही." मला राग आला. त्यांचं बरोबर होतं.

घरात काड्या फिरवायच्या म्हणजे पुन्हा युद्ध. अण्णा म्हणाले, अक्कांच्या सोवळ्यावर संशय घेतेस? आई गुपचूप नाक पुढे करून मोकळी झाली. अक्कांना मी स्पष्टच सांगितलं की गवळणीचं घेतलं तसं तुमचंही घेणार, नाहीतर माझं तिच्यावरचं बोट खोटं. अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, आंघोळीच्या आधी ये, नंतर मला शिवता यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या ओसरीवर येऊन बसल्या. नाकातलं घेऊ दिलं. डाव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं, महिनाभर त्यावर फडक्याची पट्टी असायची. ती सोडून बोटही पुढे केलं. पट्टीखाली झाकलेल्या बोटाचा पेढ्यांशी काय संबंध असं मला वाटलं होतं, पण सरांनी म्हटलं होतं, हात म्हणजे सगळा हात. अक्कांनी एवढंच बजावलं की जे निघेल ते पहिल्यांदा त्यांना सांगायचं, अण्णांना नाही.

आईच्या प्लेटवर आमचा जंतू उगवलाच नाही. उरलेल्या नऊ नळ्या: पेढ्यांच्या दोन, गवळणीच्या नाकाची आणि हाताची, अक्कांच्या नाकाची आणि बोटाची, एक माझ्या नाकातली, आणि सरांनी माझ्या संग्रहातून टाकलेली म्हशींच्या जंतूंची जोडी. काम तसं साधं. डीएनएचा एक आखूड तुकडा जंतूच्या डीएनएत सोडायचा. तो जिथे जिथे चिकटेल त्यांमधल्या भागाच्या नकला यंत्र तापत-निवत काढत बसतं. प्रत्येक घराण्यात तो वेगळ्या ठिकाणी चिकटतो, म्हणून नकला वेगवेगळ्या लांबीच्या निघतात. जेलवर वीज सोडली की त्या लांबीप्रमाणे पुढेमागे थांबतात, आणि विशिष्ट दिव्याखाली नारिंगी पट्टे दिसतात. त्या पट्ट्यांचा नमुना म्हणजे त्या घराण्याची ओळख.

पहिल्या खेपेला निम्म्या वाटेत वीज गेली. दुसऱ्या खेपेला जेल फाटलं. तिसऱ्या खेपेला पट्टे उमटले, पण सरांनी वेगळा तुकडा वापरून सगळं पुन्हा करायला लावलं. एकच नमुना जुळणं हा योगायोगही असू शकतो, असं त्यांचं म्हणणं. तोवर इकडे गल्लीत रोज संध्याकाळी कुणीतरी मला विचारायचं, अजून म्हशींचंच शिकतेस का, आणि हसायचं. गवळीण दूध वाया जाऊ नये म्हणून तूप कढवत बसली होती. मी हट्टाने रोज तिच्या गोठ्यावरून येत होते. ती मान वर करत नव्हती.

अखेर जेलचा फोटो तयार झाला. मी सरांसमोर वाचून दाखवलं: एक, चार, सहा आणि आठ एकसारखे. दोन आणि पाच एकमेकांसारखे, पण त्या चौघांपेक्षा वेगळे. तीन, सात, नऊ तिघंही आपापले निराळे. सरांनी पुन्हा वाचायला लावलं, मग कपाटातून यादी काढली. दोन आणि पाच ही गवळीण. तीन आणि सात म्हशी. नऊ मी. एक आणि सहा पेढे. आणि चार व आठ, अक्कांचं नाक आणि अक्कांचं बोट.

आनंद झाला का? गवळीण सुटली म्हणून झाला, आणि त्याच श्वासात आठवलं की हे पहिल्यांदा अक्कांना सांगायचंय. सर म्हणाले, नीट लक्षात ठेव. पट्टे वेगळे आले तर 'ही नव्हे' असं छातीठोकपणे सांगता येतं. सारखे आले तर मात्र आपल्याला फरक दिसला नाही, एवढंच म्हणता येतं. नाही म्हणायला हा पुरावा पक्का, हो म्हणायला कच्चा.

कबूल केल्याप्रमाणे मी पहिल्यांदा अक्कांना सांगितलं, आणि सरांचं वाक्यही जसंच्या तसं सांगितलं. वर माझंच लावलं की तुमच्या बोटाला तर पट्टी होती, तेव्हा दुसरं काही असू शकेल. अक्का तुळशीपाशी बसल्या होत्या. त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं.

"पट्टी कुठली? दहा जणांनी शिवलेलं फडकं, ओवळं. ते बांधून नैवेद्याला हात लावेन होय मी? सोडून ठेवलं होतं. मळून झाल्यावर परत बांधलं."

 पू झालेलं बोट उघडं टाकून एक बाई तासभर खवा मळते, ती निष्काळजी म्हणून नव्हे, तर तिच्याएवढं स्वच्छ कुणीच नाही म्हणून. आंघोळ केलेली, लुगडं वेगळं, पट्टी काढलेली. तिच्या हिशेबात एकही चूक नव्हती.

रात्री अण्णांना कळलं. त्यांचा तोडगा तयार होता: गवळणीचा दोष नाही एवढं मी सांगावं, पुढचं घराच्या उंबऱ्याच्या आत राहू द्यावं. सत्तरीच्या बाईला गल्लीसमोर उभं करायचं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पन्नाशीच्या बाईला तुम्ही केलंतच की, पाच आठवडे झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले होते. मला त्याचा पश्चात्ताप झाला नाही, आजही होत नाही.

दर गुरुवारी आमच्या ओसरीवर विष्णुसहस्रनामाला सगळी गल्ली जमायची. आरती झाली, तीर्थ वाटून झालं, आणि मी उठून उभी राहिले.  मी सांगितलं की माझा पहिला निकाल चुकीचा होता, चूक माझी होती, पेढ्यातला जंतू गवळणीचा नव्हता. फोटो पुढे धरला. तो कुणी हातात घेतला नाही. वकीलसाहेबांनी मात्र नेमकं तेच विचारलं ज्याला अण्णा भीत होते: मग कुणाचा?

"आमच्या घरातला," मी म्हटलं.

अण्णा म्हणाले, ती अजून शिकतेय, चुकतेही, आत्ताच तिने कबूल केलं. दोन-चार माना हलल्यासुद्धा. एक एकमत तयार होत होतं, मला ते डोळ्यांना दिसत होतं. तेवढ्यात माजघराच्या दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या कधी येत नसत. त्यांनी डावा हात वर केला.

"माझ्या बोटातून गेलं. पट्टी ओवळी म्हणून मी सोडली होती. पोरीला खोटी पाडू नका."

 मग तहसीलदार हळूच म्हणाले, पण सोवळ्यात असं कसं होईल. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. त्या गल्लीत खव्यालाच दोष देणारी माणसं अजून आहेत, आणि फोटो दाखवून त्यांच्यात काही बदल होईल अशी माझी आता अपेक्षा नाही. मी फोटो त्यांच्यासाठी काढला नव्हता.

शुक्रवारी सकाळी अक्का आणि मी गवळणीकडे गेलो.  मी पिशवीतून फोटो काढून गवळणीला दाखवायला लागले, हे तुमचे पट्टे, हे पेढ्यातले, बघा कसे निराळे. तो घ्यायला तिने हात पुसलासुद्धा नाही.

"मला कुटं संशय हुता? तुमास्नी हुता. कागद तुमीच ठिवा."

अक्का म्हणाल्या, चूक माझी होती, उद्यापासून दूध घाल. गवळणीने आधी म्हशीपुढे वैरण टाकली. मग म्हणाली की दूध देईन, पण दारोदार येणार नाही. ज्याला हवं त्याने भांडं घेऊन गोठ्यावर यावं, रांगेत उभं राहावं. अक्कांनी मान डोलावली. माझ्या मते तिने फारच थोडं मागितलं.

गल्लीतली निम्मी घरं पिशवीच्या दुधावर गेली. शेणात पाय कोण घालणार, असं म्हणत. आमच्या घरून जायचं कुणी, यावर बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी स्वतःच स्टीलची किटली उचलली, चपला घातल्या आणि गेले. निवृत्त हेडमास्तर गवळ्यांच्या गोठ्यापुढे, नोकरचाकरांच्या मागे रांगेत. मी त्यांच्या मागोमाग गेले होते, त्यांना कळू न देता. तिने त्यांना ओळख दिली नाही, त्यांनीही काही बोलायचा प्रयत्न केला नाही. किटली पुढे केली.

गवळी माप घालून झालं की भांड्यात आणखी जरासं दूध सोडतो. ते मापात धरायचं नसतं, तो मायेचा भाग असतो. अण्णा त्यानंतर सात वर्षं, तब्येत साथ देईपर्यंत, रोज तिथे जात राहिले. माप नेहमी काठोकाठ, दुधात कधी पाणी नाही. वरचं मात्र तिने त्यांना एकदाही घातलं नाही, आणि अण्णांनी एकदाही मागितलं नाही.